एपिकोएक्टॉमी: मुळाचं टोक कापलं की झालं ना, मग वर परत सिमेंट कशाला भरतात?

पटाशी_नंबर_दोन

नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वरच्या जबड्यात पुढच्या मोठ्या दाताला लागून जो छोटा दात असतो तो, उजवीकडचा. नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं, आत पोस्ट (कॅपला आधार देणारी कांडी) घातला, वर कॅप बसवली. आठ वर्षं मी विसरूनच गेलो होतो की हा दात मेलेला आहे. मग गेल्या वर्षी हिरडीवर, कॅपच्या बऱ्याच वर, मोहरीएवढी पुळी आली. दुखत अजिबात नाही. दाबली की थोडासा पू येतो, तोंडात घाण चव येते, मग महिना-दीड महिना गायब आणि परत बरोबर त्याच जागी हजर. अँटिबायोटिकचा कोर्स केला, पुळी गेली, मी खूश, सहा आठवड्यांनी बाईसाहेब परत.

शेवटी डेंटिस्टने एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालचा स्पेशालिस्ट) पाठवलं, सीबीसीटी (दाताचा थ्रीडी स्कॅन) झाला, मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे साधारण ६ मिलीमीटरचा. डॉक्टर म्हणाले पोस्ट लांब आणि जाड आहे, तो उपसायला गेलो तर मूळच तडकेल, त्यापेक्षा हिरडी उघडून टोकाच्या बाजूने जाऊ. यालाच एपिकोएक्टॉमी, थोडक्यात एपिको म्हणतात म्हणे. कागदावर चित्र काढून दाखवलं. मुळाचं टोक ३ मिलीमीटर कापणार, आजूबाजूची घाण खरवडून काढणार, मग कापलेल्या तोंडात परत ३ मिलीमीटर खोल खड्डा करून त्यात सिमेंट भरून सील करणार.

इथे माझं डोकं अडकलं. खराब टोक गेलं, पू गेला, आत गट्टा पर्चा (रूट कॅनालमध्ये नळीत भरतात तो माल) नऊ वर्षांपासून भरलेला आहेच, मग परत खड्डा कशाला आणि बूच कशाला? चांगल्या मुळाला आणखी कोरायचं म्हणजे ते कमकुवतच होणार ना?

दुसरं म्हणजे आईचं हेच ऑपरेशन खूप वर्षांपूर्वी झालं होतं, तेव्हा चांदी भरली होती. तिच्या हिरडीवर अजून निळसर काळा डाग आहे आणि दात शेवटी काढावा लागला तो लागलाच. तिसरं, मटेरियल कुठलं विचारलं तर म्हणाले "एमटीए किंवा पुट्टी, त्या वेळी बघू." हे त्या वेळी बघू ऐकलं की मला धडकी भरते, कारण मी स्वतः वॉटरप्रूफिंगचं काम करतो आणि त्या वेळी बघू म्हणणाऱ्या लोकांची गळती निस्तरण्यात माझा दिवस जातो.

कोणी करून घेतलंय का, कोणी डॉक्टर आहेत का इथे?

---

उलटा_आरसा

मी एंडोडॉन्टिस्ट आहे, हे काम आठवड्यातून एक-दोनदा असतंच. तुम्ही गळतीवाले निघालात त्यामुळे माझं अर्धं काम सोपं झालं.

छताला ओल आली आणि नुसते पोपडे खरवडून रंग मारला तर किती दिवस टिकतो? पुळी, पू, सीबीसीटीवरचा काळा डाग हे सगळे पोपडे आहेत. पाणी येतंय ते मुळाच्या नळीतून. नळीत जंतू आहेत, त्यांचा माल टोकातून हाडात झिरपतो आणि शरीर तिथलं हाड विरघळवून स्वतःची फौज उभी करतं, तोच तुमचा काळा डाग. तो खरवडला नाही आणि नुसती गळती बंद केली तरी बहुतेक वेळा शरीर तो स्वतः भरून काढतं. उलटं केलं, म्हणजे डाग चकाचक खरवडला आणि नळी उघडी ठेवली, तर काही महिन्यांत परत तीच पुळी.

आता टोक का कापायचं. नळी म्हणजे सरळ पाइप असं वाटतं पण शेवटच्या काही मिलीमीटरमध्ये तिला नदीच्या मुखासारखे फाटे फुटतात, तिथे ना फाइल (नळी घासायची बारीक सुई) पोचते ना औषध. ३ मिलीमीटर कापलं की टोकाच्या फाट्यांपैकी ९८ टक्के आणि बाजूला फुटणाऱ्या नळ्यांपैकी ९३ टक्के जातात असा आकडा आमच्या पुस्तकात आहे, म्हणून ३. जास्त कापलं तर मूळ आखूड होतं, दाताची पकड जाते.

पण कापलं म्हणजे काय केलं? पाइप मध्येच तोडला आणि नवीन तोंड उघडं केलं. आत गट्टा पर्चा आहे हे खरं, पण गट्टा पर्चा हा रबरासारखा प्रकार आहे, तो भिंतीला स्वतःहून चिकटत नाही, मधली फट सीलरने भरलेली असते आणि नऊ वर्षांत तो सीलर विरघळला असेल, शिवाय कापताना बर (ड्रिलचं फिरणारं टोक) फिरते तेव्हा गट्टा पर्चा ओढला जातो. त्या फटीत जे जंतू बसलेत त्यांना आम्ही तिथून काढू शकत नाही, हे कबूल करायला पाहिजे. म्हणून त्यांना आत कोंडायचं. रेट्रोग्रेड फिलिंग म्हणजे आतल्या जंतूंना मारायचं औषध नव्हे, त्यांच्या दारावर घातलेली भिंत आहे.

खड्डा ३ मिलीमीटरच का, हेही तुम्हाला आवडेल. मुळाचा पदार्थ डेंटिन, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, नळीपासून बाहेरपर्यंत आडव्या बारीक नळ्या. टोक तिरकं कापलं की त्यातल्या पुष्कळ नळ्या उघड्या पडतात आणि बूच उथळ असलं तर गळती बुचाला वळसा घालून बाहेर येते. १९९४ साली हे प्रयोगशाळेत मोजलं होतं. सरळ आडवं कापलं तर किमान १ मिलीमीटर खोल बूच पुरतं, ३० अंश तिरकं कापलं तर २.१ लागतं आणि ४५ अंशाला २.५. पूर्वी हँडपीस (ड्रिलचा दांडा) आत मावायचा नाही, दिसायचं नाही, म्हणून ४५ अंशात कापायचे आणि बूच घालायचे उथळ. तुमच्या आईच्या वेळचं तंत्र बहुतेक हेच.

आता वाकडी अल्ट्रासोनिक टिप मिळते, तिचं टोकच ३ मिलीमीटरचं, ती नळीच्या रेषेत सरळ आत जाते. हाडाला खिडकी पूर्वी १० मिलीमीटरच्या आसपास पाडायचे, आता ४-५ मध्ये काम होतं. आरसा तर नखाहून लहान. टिप बारीक असल्यामुळे मुळाच्या भिंती जाड राहतात, तुमची कमकुवत होण्याची शंका चुकीची नाही पण हिशोबात धरलेली आहे. तुमच्या या छोट्या दाताची मात्र एक खोड आहे, त्याचं टोक अनेकदा मागे टाळूकडे वळलेलं असतं. टिपची दिशा चुकली तर खड्डा नळी सोडून भिंतीतच जातो, आणि मग महागातलं महाग सिमेंट भरलं तरी ते चुकीच्या भोकात भरलंय.

"त्या वेळी बघू" ला घाबरू नका. उघडल्यावर रक्त किती थांबतंय आणि कोन कसा मिळतोय त्यावर ठरतं. आधीच छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा मला हा डॉक्टर बरा वाटतो.

---

बीडीएस_आणि_बास

वरचे साहेब बरोबरच सांगताहेत पण मटेरियलवरून फार भक्तिभाव नको म्हणून लिहितो. मी साधा डेंटिस्ट, सर्जरी करत नाही, पाठवतो. पण पाठवलेले पेशंट दहा-दहा वर्षं परत माझ्याकडेच येतात त्यामुळे काय टिकतं ते मला दिसतं.

सगळीकडे सांगतात की जुन्या पद्धतीत यश ५९ टक्के आणि नव्या मायक्रोसर्जरीत ९४ टक्के. २०१० चं एकत्रित विश्लेषण आहे, आकडे खरे आहेत. पण तुलना कशाची? जुनी म्हणजे तिरका काप, साधी बर, चांदी, नुसते डोळे. नवी म्हणजे सरळ काप, अल्ट्रासोनिक, मायक्रोस्कोप, नवं सिमेंट. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय घ्यायला कंपनीवाले पुढे. २००३ साली एमटीए आणि आयआरएम यांची समोरासमोर चाचणी झाली होती, आयआरएम म्हणजे तेच लवंगेच्या अर्कातलं युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडवालं, थोडं सुधारलेलं. २ वर्षांनी एमटीए ९२ टक्के, आयआरएम ८७. फरक दिसतो पण आकडेशास्त्राच्या हिशोबाने सिद्ध होण्याइतका नाही. म्हणजे हात नीट चालला असेल तर जुनं सिमेंटही बऱ्यापैकी निभावतं. चांदी मात्र सोडा, ती गंजते, कडेने गळते आणि तिचे कण हिरडीत बसले की आयुष्यभराचा गोंदण, आईंच्या हिरडीवर तेच दिसतंय.

पटाशीभाऊ, मला खरी काळजी दुसरीच आहे. नऊ वर्षांची कॅप. तिची कड कोणी तपासली का? वरून लाळ आत शिरत असेल तर तुम्ही तळघरात वॉटरप्रूफिंग करताय आणि गच्चीवर टाकी ओसंडतेय. आणि दुसरं, पोस्टवाल्या दातात अशी पुळी आली की माझ्या मनात पहिला संशय मुळाला उभी चीर गेल्याचा येतो. तशी चीर असेल तर एपिको करून काही उपयोग नाही, दात जाणारच.

---

उलटा_आरसा

@बीडीएस_आणि_बास कॅपच्या कडेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्याकडून राहिला. चिरेचाही. चिरेचा दात असेल तर हिरडी आणि दात यांच्यामध्ये एकाच जागी बारीक आणि खोल खिसा लागतो, बाकी सगळीकडे नॉर्मल. आणि उघडल्यावर मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावला की चीर निळी रेघ होऊन समोर येते. तशी दिसली तर मी तिथेच थांबतो, पेशंटला तसं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

मटेरियलबद्दल थोडा मतभेद. तुमचा २००३ चा पेपर मीही शिकवतो. पण आकड्यांपलीकडे एक गोष्ट आहे, एमटीएवर शरीर स्वतःचं सिमेंटम चढवतं, म्हणजे मुळाचं नैसर्गिक आवरण थेट त्या बुचावरून वाढतं. युजेनॉलवाल्या सिमेंटवर हे तसं होत नाही, शरीर त्याला सहन करतं एवढंच.

आणि मायक्रोस्कोपचं म्हणाल तर तुमच्या २०१० च्या विश्लेषणाचा दुसरा भाग २०१२ साली आला, त्यात तेच लोक नुसत्या लूप्सवाल्यांशी (चष्म्याला लावायची भिंगं) तुलना करून बसले, लूप्स ८८ टक्के विरुद्ध मायक्रोस्कोप ९४. फरक ठळक होता तो दाढांमध्ये, पुढच्या दातांमध्ये नाही. त्यामुळे पटाशीराव, तुमचा दात त्या बाबतीत नशीबवान.

---

पटाशी_नंबर_दोन

बाप रे, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. गच्ची आणि तळघर तर थेट काळजालाच लागलं.

एक भाबडा प्रश्न. हे एमटीए म्हणजे नक्की आहे काय? नेटवर एका ठिकाणी वाचलं की ते पोर्टलँड सिमेंट आहे. माझी कोणी थट्टा करतंय का? मी पोती उचलतो त्याची.

---

थर्ड_इयर_पीजी

थट्टा नाही दादा, खरंच आहे 😄 मी एमडीएस करतेय, आत्ताच सेमिनार झालाय त्यामुळे सगळं ताजं आहे.

१९९३ साली अमेरिकेतल्या लोमा लिंडा युनिव्हर्सिटीत महमूद तोराबिनेजाद यांनी हे पहिल्यांदा मांडलं, आणि मूळ माल म्हणजे पोर्टलँड सिमेंटच, ट्रायकॅल्शियम सिलिकेट, डायकॅल्शियम सिलिकेट, ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट, तुम्हाला ही नावं माझ्याहून जास्त पाठ असतील. त्यात बिस्मथ ऑक्साइड घातलं, कारण त्याशिवाय एक्स-रेत ते दिसत नाही. अर्थात पोत्यातलं नाही चालत, हे शुद्ध असतं, जड धातू काढलेले, कण बारीक. पण रसायन तेच. पावडर ३ भाग पाणी १ भाग, म्हणजे तुमच्या भाषेत वॉटर-सिमेंट रेशो ०.३३. सेट व्हायला पावणेतीन तास. आणि तुमच्या सिमेंटसारखंच त्याला ओल लागते, कोरडं ठेवलं तर क्युअरच होत नाही, म्हणून तर ते तोंडात चालतं, बाकीच्या फिलिंगांचं ओलावा लागला की वाटोळं होतं. सेट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, पीएच १०.२ पासून ३ तासांत १२.५ ला जातो, जंतूंना तिथे राहणं अवघड.

आता माझी फजिती सांगते, कॉलेजचं नाव विचारू नका. माझी पहिली एपिको. खड्डा मस्त झाला, सरांनी बघून मान डोलावली. एमटीए भरायला बसले. ते असतं ओल्या वाळूसारखं, चमच्याने उचलायला गेलं की सुटून पडतं. त्याच्यासाठी एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्याला खोबणी असतात, खोबणीत एमटीए दाबायचं आणि बारीक हत्याराने खरवडून छोटी कांडी उचलायची, अगदी टाचणीच्या डोक्याएवढी. एक-एक कांडी ठेवून प्लगरने दाबायची. वर माझी असिस्टंट प्लगरच्या दांड्याला अल्ट्रासोनिक टेकवायची म्हणजे थरथरून ते खाली बसतं आणि आतली हवा निघते.

सगळं झालं. आणि मग मी सवयीने, टाके घालायच्या आधी, सलाइनची पिचकारी मारून जागा धुतली. एक्स-रे काढला तर बुचाचा वरचा अर्धा भाग गायब. पावणेतीन तास लागतात ना सेट व्हायला, माझे तीन मिनिटंही झाले नव्हते! सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं. सगळं काढून परत भरलं, पेशंट बिचारे चाळीस मिनिटं जास्त झोपून. आता धुवायचं असेल ते भरायच्या आधी धुते, नंतर फक्त ओल्या गॉजने कडा पुसते.

तेव्हापासून मला पुट्टी आवडते. ती ट्यूबमधून तयारच येते, मळलेल्या मातीसारखी, बोटांनी बारीक शंकू वळायचा आणि खड्ड्यात लोटायचा, वाहून जात नाही. आतल्या ओलीनेच सेट होते. खानदान तेच, कॅल्शियम सिलिकेट. मधे बायोडेंटिन पण आहे, त्याची कॅप्सूल मशीनमध्ये घुसळायची, बारा मिनिटांच्या आसपास सेट होतं.

---

पटाशी_नंबर_दोन

अल्ट्रासोनिक टेकवून थरथरवायचं!! अहो म्हणजे नीडल व्हायब्रेटर! स्लॅब भरताना आम्ही हेच करतो, नाहीतर काँक्रीट पोकळ राहतं. ताई, आणि ओल्या कामावर पाणी मारून सिमेंट वाहून घालवणारा तुमच्याआधी मी होतो, बावीस वर्षांपूर्वी, पहिल्याच साइटवर.

बायकोला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली दातापेक्षा तुला सिमेंटचाच आनंद झालाय.

---

दाढदुखी_गेली

डॉक्टर लोकांचं झालं असेल तर पेशंटच्या बाजूचं सांगते. माझी खालची पहिली दाढ, दोन वर्षांपूर्वी झाली एपिको, त्याआधी दोनदा रूट कॅनाल होऊन फसलं होतं. दुसऱ्यांदा करणाऱ्याने मला "तुमचं शरीरच साथ देत नाही" असं ऐकवलं होतं, नाव नाही घेत.

भूल नीट दिली की दुखत नाही, खरंच नाही. इंजेक्शनं मात्र भरपूर देतात, नुसतं दुखू नये म्हणून नाही, रक्त थांबावं म्हणूनही, असं मला सांगितलं. हाडावर बर फिरते तेव्हा आवाज कानातून नाही, कवटीतून येतो, ते जरा विचित्र. मग एकदम शांत होतं आणि कितीतरी वेळ कोणी काहीच करत नाहीये असं वाटतं, तेव्हा म्हणे हाडाच्या खड्ड्यात औषधात भिजवलेले कापसाचे बोळे दाबून धरले होते. नर्स मोठ्याने मोजत होती, चार घातले, चार निघाले. मला हसू येत होतं, पण नंतर कळलं की कापसाचा एक धागा जरी आत राहिला तरी जखम भरत नाही.

आणि डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधला फोटो दाखवला तो मी अजून ठेवलाय. कापलेलं मूळ म्हणजे छोटासा पिवळट आठचा आकडा. त्यात दोन गुलाबी ठिपके, त्या माझ्या दोन नळ्या, व्यवस्थित भरलेल्या. आणि दोन ठिपक्यांना जोडणारी केसाएवढी निळी रेघ. ती रेघ पण नळीच होती, दोघींच्या मधली चपटी फट, तिचं काहीतरी नाव आहे. दोनदा रूट कॅनाल झालं, दोन्ही वेळा ठिपके भरले, रेघ कोणाच्या हाती लागलीच नाही. मी ते बघितलं आणि डोळ्यात पाणी आलं, म्हणजे माझं शरीर नाटकं करत नव्हतं तर.

मग त्यांनी दोन ठिपके आणि रेघ मिळून एकच चर खोदला आणि सगळा भरला. पुढच्या फोटोत रेघेच्या जागी पांढरी पट्टी.

नंतरचं: दुसऱ्या दिवशी गाल टम्म, तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, मग उतरत जातो. पहिल्या दिवशी बर्फाची पिशवी थोडा वेळ ठेवायची थोडा वेळ काढायची. ओठ वर करून टाके बघायचे नाहीत!! सगळे हेच करतात, आरशासमोर उभं राहून ओठ ताणतात आणि टाका फाटतो. माझ्या खालच्या ओठाला तीन आठवडे मुंग्या आल्यासारखं होतं, तिथून नस जाते, तुमच्या वरच्या पुढच्या दाताला ती भानगड नाही.

---

उलटा_आरसा

@दाढदुखी_गेली त्या रेघेला आम्ही इस्थमस म्हणतो. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात ती बहुतेक वेळा असतेच आणि फसलेल्या केसेसमध्ये कितीतरी वेळा तीच चोर निघते. नुसते दोन ठिपके कोरून दोन बुचं घातली तर मधली रेघ उघडीच राहते.

पटाशीराव, एक आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर घाबरणार नाही. तुमच्या दाताचं टोक टाळूकडे असतं म्हणालो ना, तिथे काही वेळा डाग पुढचं आणि मागचं दोन्ही बाजूंचं हाड खाऊन आरपार गेलेला असतो. अशा ठिकाणी हाडाऐवजी मधे जखमेची व्रणासारखी ऊती भरते आणि एक्स-रेत छोटा काळा ठिपका कायम राहतो. तो आजार नसतो. पुळी नाही, दुखत नाही, ठिपका वाढत नाही, मग सोडून द्यायचं. तो बघून घाईघाईने परत सर्जरी सुचवणारा भेटला तर जुने एक्स-रे शेजारी ठेवायला सांगा.

आणि कॅपच्या कडेशी काप घेणार की थोडं वर, ते विचारा. पुढचा दात आहे, कडेशी घेतला तर हिरडी आकसून कॅपची कड उघडी पडू शकते. हसताना हिरडी दिसत असेल तर हे आधी बोललेलं बरं.

---

पटाशी_नंबर_दोन

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. सात महिने होत आले.

सर्जरी झाली. चीर नव्हती, निळा रंग लावल्यावर डॉक्टर स्वतःच "हं, नाही" असं पुटपुटले तेव्हा मी पडद्याखाली सुस्कारा सोडला. फोटो मलाही दाखवला. मूळ गोल, त्याच्याभोवती निळी कडा, ती म्हणे मुळाचं भोवतालचं आवरण, ती पूर्ण गोल दिसली म्हणजे टोक सगळीकडून कापलं गेलंय. मधे गट्टा पर्चाचा ठिपका आणि त्या ठिपक्याच्या एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी निळी फट. बस, एवढीच. पाइपच्या स्लीव्हला एका बाजूला ग्राउट भरायचं राहिलं की जशी दिसते डिट्टो तशी. नऊ वर्षं तिथून झिरपत होतं.

पुट्टीच वापरली. रक्त पूर्ण थांबत नव्हतं म्हणून एमटीए नको म्हणाले. मी तोंड उघडं असल्यामुळे वॉटर-सिमेंट रेशोवर चर्चा करू शकलो नाही. टाके चौथ्या दिवशी काढले, सूज डोळ्याखालपर्यंत आली होती पण आठवड्यात उतरली. ओठ वर करून बघायचा मोह एकदा झाला, दाढदुखी ताईंचं वाक्य आठवलं आणि आरशासमोरून निघून आलो.

सहा महिन्यांचा एक्स-रे: टोकाला पांढरा ठिपका ठणठणीत, भोवतीचा काळा डाग ६ वरून अंदाजे २ वर आलाय, वर्षाने परत बघू म्हणाले. पुळी त्यानंतर एकदाही आली नाही. जीभ मात्र अजून दिवसातून दहा वेळा तिथे जाऊन बघते.

आणि @बीडीएस_आणि_बास, तुमच्या गच्चीच्या टाकीचं. सर्जरीच्या आधीच डॉक्टरांना कॅपची कड तपासायला सांगितली होती. टोकदार हत्यार कडेवरून फिरवत नेलं, पुढे गुळगुळीत आणि मागे टाळूच्या बाजूला खट् करून अडकलं. परत फिरवलं, परत तिथेच खट्. पोस्ट पक्का आहे, त्याला हात लावला नाही, पण तिथली कीड काढून तात्पुरती कॅप सर्जरीच्या आधीच बसवली. पुढच्या मंगळवारी नवीन कॅपचं माप द्यायला जायचंय.

---

बीडीएस_आणि_बास

माप देऊन झालं की कायमची बसवायच्या आधी एकदा फ्लॉस कडेवरून वर-खाली करून बघायला सांगा. अडकला किंवा फाटला तर परत पाठवा, संकोच करू नका.